रेघ कोणी आखली? जालन्याच्या आणेवारीचा इतिहास

दहावीच्या गणित भाग १ मध्ये सांख्यिकीचे प्रकरण आहे आणि त्यात आयतालेख येतो. आडव्या अक्षावर वर्ग, उभ्या अक्षावर वारंवारता, आणि एकमेकांना चिकटून उभे असलेले आयत. त्यावरून सरासरी काढण्याची रीत ठरलेली आहे. प्रत्येक वर्गाचा वर्गमध्य घ्यायचा, त्याला त्या आयताच्या उंचीने गुणायचे, सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि एकूण वारंवारतेने भागायचे. छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळाखाली परीक्षेला बसणारी जालना जिल्ह्यातली मुले हे गणित घोटून घोटून शिकतात. कुणी घाईत आयतांच्या संख्येनेच भागतो, कुणी वर्गमध्याऐवजी वर्गाची वरची मर्यादा घेतो, आणि गुण जातात. पण ज्याचे उत्तर बरोबर येते त्यानेही एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते. ३० ते ४० च्या वर्गात तीन नोंदी असतील, तर त्या तिन्ही ३५ वरच आहेत असे त्याने धरलेले असते. मूळ आकडे आयतालेखात उरलेलेच नसतात. उरतो फक्त ते कोणत्या रेघांच्या मध्ये पडले एवढा पुरावा. गुणाकार, बेरीज आणि भागाकार कोणालाही तपासता येतात. रेघा कुठे आखल्या आणि का, हे मात्र गणिताच्या बाहेर ठरते. जालना जिल्ह्याच्या जमिनीवर हेच गणित शतकाहून अधिक काळ सरकारी दप्तरात मांडले जात आहे, कधी मातीच्या प्रतीसाठी, कधी पिकाच्या आण्यांसाठी, कधी पावसासाठी. त्या इतिहासाकडे पाहता माझे मत असे बनले आहे की इथल्या शेतकऱ्याचे सरासरीशी असलेले भांडण मुळात सरासरीशी नव्हतेच. ते वर्ग आखणाऱ्याशी होते, आणि ते रास्त होते.

सुरुवात करावी लागते ती निजामाच्या राज्यात सरासरी नव्हती त्या काळापासून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हैदराबाद संस्थानात महसूल वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर होती. ज्याने जास्त रक्कम कबूल केली त्याच्या हाती तालुका जाई, आणि कबूल केलेली रक्कम रयतेकडून कशी काढायची हा त्याचा प्रश्न असे. शेत किती पिकते याची मोजदाद करण्याची गरज मक्तेदाराला नव्हती. रयत किती देऊ शकेल याचा अंदाज त्याला पुरे होता. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी हा मक्ता मोडत आणला. १८६५ मध्ये जिलाबंदी करून जिल्हे, तालुके आणि पगारी अधिकारी यांची रचना बसवली, आणि पुढे मराठवाड्याच्या मुलखात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी व प्रतबंदी सुरू झाली. आजच्या जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता, परतूरकडचा भाग परभणीत. म्हणजे या काळ्या जमिनीवर पहिली शास्त्रशुद्ध सरासरी आली ती ब्रिटिश दख्खनेतून, तयार पद्धत म्हणून. ती तिथे कशी तयार झाली हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनेत रॉबर्ट कीथ प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने १८२७ नंतर मोठी पाहणी केली. त्याची कल्पना तात्त्विकदृष्ट्या फार नेटकी होती. प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढायचे, म्हणजे एकूण पिकातून मशागतीचा सगळा खर्च वजा करायचा, आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा. त्यासाठी हजारो नोंदी जमवल्या गेल्या. पण त्या जमवणाऱ्या हाताखालच्या लोकांनी अनेक नोंदी बसल्या जागी केल्या, काही पैसे घेऊन बदलल्या, आणि नेटक्या सूत्रातून चुकीचे आकडे बाहेर पडले. पुणे जिल्ह्यातल्या इंदापुरात हा सारा लागू झाला तेव्हा शेते ओस पडू लागली. १८३५ मध्ये तिथेच गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी फेरपाहणी हाती घेतली. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडला. उत्पन्न लपवता येते, खर्च फुगवता येतो. मातीची खोली मात्र खणून पाहता येते. १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली, आणि तिच्या मुळाशी एक साधा तक्ता होता. जमिनीच्या नऊ प्रती, आणि प्रत्येक प्रतीला आण्यांत मोल: १६, १४, १२, १०, ८, ६, साडेचार, ३ आणि २.

प्रत लावण्याचे काम जवळून पाहण्यासारखे आहे, कारण दहावीचे गणित तिथे अक्षरशः मातीत उतरलेले दिसते. शेताचा नकाशा काढून त्याचे जवळपास सारख्या आकाराचे भाग पाडत. प्रत्येक भागात माती किती खोल आहे ते खणून पाहत. माती कोणत्या जातीची, म्हणजे काळी व घट्ट, तांबूस, की मुरमाड, हे ठरवत आणि जात व खोली यांवरून प्रत लावत. मग दोष पाहत. चुनखडीचे खडे मिसळलेले आहेत का, वाळू आहे का, जमीन उताराची आहे का, पाणी साचून राहते का, की वाहत्या पाण्याने माती धुपते. एकेका दोषासाठी प्रत एकेक पायरी खाली येई. या सगळ्या खुणा नकाशातल्या त्या त्या चौकोनात लिहिल्या जात. समजा एका शेताचे दहा भाग पडले. त्यातले दोन १४ आण्यांचे, तीन १२ आण्यांचे, तीन ८ आण्यांचे आणि दोन साडेचार आण्यांचे निघाले. २८ अधिक ३६ अधिक २४ अधिक ९, बेरीज ९७. दहाने भागले की ९.७, म्हणजे नऊ आणे आठ पै. हे त्या शेताचे मोल. त्या गटातल्या गावांना ठरलेला कमाल दर १६ आण्यांच्या जमिनीचा, त्या प्रमाणात या शेताचा आकार. वर्ग, वारंवारता, गुणाकार, बेरीज, भागाकार, सगळे जिथल्या तिथे. कार्ल पिअर्सनने आयतालेखाला त्याचे इंग्रजी नाव दिले १८९० च्या दशकात. त्याच्या कितीतरी आधी दख्खनेत शेताशेताचा आयतालेख कागदावर तयार होत होता, फक्त आयत उभे करून काढलेले नव्हते.

या तक्त्यात एक बारकावा आहे आणि तो मला विंगेटच्या समजेचा पुरावा वाटतो. वरच्या प्रतींमधले अंतर दोन-दोन आण्यांचे आहे, पण सहा आण्यांच्या खाली ते दीड आणि एक आण्यावर येते. सोळा आण्यांच्या शेतात दोन आण्यांची चूक झाली तर साऱ्यात आठव्या हिश्शाची चूक होते. चार आण्यांच्या बरडावर तीच चूक झाली तर निम्म्याची. गरीब जमिनीवर वर्ग अरुंद ठेवले म्हणजे गरीब शेतकऱ्यावरची चूकही लहान राहते. आयतालेखातले सगळे वर्ग सारख्या रुंदीचेच असले पाहिजेत असा शाळेत जो समज होतो, त्याच्या विरुद्ध हा निर्णय आहे. रेघ आखताना कोणाचे नुकसान होईल याचा विचार करता येतो, हे इथे दिसते. पण याच पद्धतीत दुसरीही रेघ होती, तिच्याकडे शेतकऱ्याचे लक्ष फारसे जाऊ दिले गेले नाही. कमाल दर ठरवण्यासाठी गावांचे गट पाडत, आणि गट पाडताना पाऊसमान आणि बाजाराची जवळीक पाहत. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद रेल्वे जालन्यावरून गेली, कापसाचा बाजार वाढला. माती होती तीच राहिली. पण बाजाराची जवळीक जिथे दर ठरवते तिथे रेल्वेचे रूळ पडले की फेरआकारणीला कारण मिळते. शेतकऱ्याला वाद घालता येई तो आपल्या शेतातल्या खड्ड्याच्या खोलीवर. गट पाडण्याचे काम त्याच्या डोळ्यांआड, कचेरीत होई.

मातीची सरासरी कायमची, निदान तीस वर्षांची. पाऊस दर वर्षीचा. म्हणून दुसरी सरासरी लागली, यंदाचे पीक किती आणे आले याची. हीच आणेवारी. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आणि त्याच्या किती हिश्शाचे पीक उभे आहे ते नजरेने सांगायचे. पटवारी आणि पाटील सांगत, गिरदावर फिरून पाहत आणि कचेरीत आकडा पक्का होई. यातली पहिली अडचण अशी की सोळा आणे कशाला म्हणायचे हेच सगळीकडे सारखे नव्हते. कुठे साधारण चांगल्या वर्षाचे पीक सोळा आणे धरत, कुठे तेच बारा आणे धरत आणि सोळा आणे हे क्वचित येणाऱ्या सोन्यासारख्या वर्षासाठी राखून ठेवत. दोन प्रांतांतले ‘दहा आणे’ शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेले धान्य एकाच पोत्यात ओतणे. दुसरी अडचण जास्त गंभीर होती. सूट किंवा तहकुबी मिळण्यासाठी एक रेघ ठरवलेली होती, आणि रेघ ठरली की तिच्या आजूबाजूच्या प्रत्येक अंदाजाला पैशाचे वजन येते.

याचा सगळ्यात चांगला नोंदलेला दाखला मुंबई इलाख्यातल्याच खेडा जिल्ह्याचा आहे. १९१७ च्या अतिपावसाने तिथले पीक गेले. नियम असा की पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब करावा. शेतकऱ्यांचे म्हणणे पीक चार आण्यांच्या आत आहे. सरकारी अंदाज त्याच्या वर. १९१८ मध्ये गांधीजी आणि वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी हा एका आकड्याचा वाद होता. चार आण्यांची रेघ असावी की नसावी हा तिथे भांडणाचा मुद्दा नव्हता. रेघेच्या कोणत्या बाजूला गाव पडते हे सांगण्याचा हक्क कोणाला, एवढाच प्रश्न होता, आणि गावोगाव फिरून स्वतंत्र पाहणी करणे हे शेतकऱ्यांच्या बाजूचे मुख्य हत्यार होते. निजामी मुलखातल्या रयतेला असा जाहीर वाद घालण्याची मोकळीकच नव्हती. म्हणून जालन्याच्या बाजूला त्या काळात मोठे आंदोलन झालेले दिसत नाही, यावरून तिथली आणेवारी बरोबर होती असा निष्कर्ष कोणी काढू नये.

नजरेचा दोष नजरेनेच जाणार नाही हे विसाव्या शतकात मान्य झाले. १९२० च्या दशकात हबक नावाच्या अधिकाऱ्याने बिहार-ओडिशात भाताची शेते चिठ्ठी पद्धतीने निवडून लहान तुकडे कापून तोलले. मग १९४० च्या दशकात पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी पीक कापणी प्रयोगाला देशभर चालेल अशी शिस्त दिली. गावे चिठ्ठीने निवडायची, गावातली शेते चिठ्ठीने, शेतातला चौकोन कुठे आखायचा तेही चिठ्ठीने. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या कलकत्त्यातील संस्थेचा भर लहान तुकड्यांवर होता. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खरे असते त्यापेक्षा जास्त दिसते. कारण अगदी साधे आहे. दोरी आखल्यावर जे ताट नेमके दोरीवर येते ते आत धरायचे की बाहेर, हे कापणाऱ्याच्या हाती असते, आणि माणसाचा हात ते आत ओढतो. चौकोन जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी, आणि म्हणून चूकही मोठी. इथेही वाद शेवटी रेघेवरच आला, दोरीच्या रेघेवर. हा वाद दोन विद्वानांमधला असला तरी त्याचे मोल शेतकऱ्याच्या घरात मोजले जाते, कारण फुगलेले उत्पन्न म्हणजे नाकारलेली सवलत.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली, तरी बोलण्यात आणेवारी अजून गेलेली नाही. सवलतींसाठी पुढे ५० पैशांची रेघ आली. जालन्यासाठी आणखी एक बदल झाला. १ मे १९८१ रोजी औरंगाबादचे काही तालुके आणि परभणीतले परतूर एकत्र करून जालना जिल्हा झाला. पाऊस, उत्पन्न, दरडोई काहीही घ्या, त्या दिवशी तिन्ही जिल्ह्यांची सरासरी बदलली, आणि एकाही शिवारात एक दाणा कमी-जास्त झाला नाही. कारभाराच्या सोयीसाठी आखलेली सीमा सरासरीच्या दृष्टीने वर्गाची मर्यादा असते, हे त्या दिवशी जितके स्पष्ट झाले तितके ते एरवी होत नाही.

आजची पैसेवारी गावाच्या समितीसमोर काढली जाते. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरमध्ये अंतिम. ठरावीक मापाचा चौकोन आखून पीक कापायचे, तोलायचे, त्यावरून हेक्टरी उत्पन्न काढायचे आणि प्रमाण उत्पन्नाशी ताडून पैसे काढायचे. मग पिकांच्या क्षेत्रानुसार भारित सरासरी. समजा भोकरदनकडच्या एखाद्या गावात सोयाबीन २०० हेक्टर, पैसेवारी ४०. कापूस २५० हेक्टर, ५६. तूर ५० हेक्टर, ६२. क्षेत्राने गुणून बेरीज २५,१००, भागिले ५००, उत्तर ५०.२. गाव रेघेच्या वर. सोयाबीनची पैसेवारी ४० ऐवजी ३९ आली असती तर उत्तर ४९.८, गाव रेघेच्या खाली. प्रमाण उत्पन्न हेक्टरी दहा क्विंटल धरले तर हा एक पैसा म्हणजे हेक्टरी दहा किलो, म्हणजे दहा मीटर लांब-रुंद चौकोनात शंभर ग्रॅम सोयाबीन. मळणीच्या वेळी ताडपत्रीच्या घडीत अडकून राहतात तेवढे दाणे. या शंभर ग्रॅमवर त्या गावाचे कर्जाचे पुनर्गठन, शेतसाऱ्यातली सूट, कृषिपंपाच्या वीजबिलातली सवलत अवलंबून असते, आणि शाळा-महाविद्यालयातल्या मुलांच्या परीक्षा शुल्काची माफीसुद्धा. आयतालेखावरून सरासरी काढायला शिकणाऱ्या मुलाची परीक्षा फी भरायची की नाही, हेही अशाच एका सरासरीवर ठरते.

इथे गणिताच्या बाजूने एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. वर्गमध्य धरल्याने होणाऱ्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. काही नोंदी वर्गमध्याच्या वर असतात, काही खाली. इंग्लंडमधल्या शेपर्ड या संख्याशास्त्रज्ञाने १८९८ च्या सुमारास वर्गीकरणामुळे होणाऱ्या चुकांचा हिशेब मांडला, तेव्हा बहुतेक सुरळीत वितरणांत विचरणाला दुरुस्ती लागते, सरासरीला लागत नाही, असेच निघाले. शिवाय चूक कितीही झाली तरी ती वर्गाच्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त होऊच शकत नाही. हे सगळे मला मान्य आहे, आणि म्हणूनच विंगेटची प्रतबंदी इतकी वर्षे टिकली असे मी म्हणेन. साऱ्याचा दर सरासरीबरोबर थोडा थोडा चढत-उतरत असेल तर लहान चुकीचे नुकसानही लहान राहते. पण निर्णय ‘रेघेच्या वर काही नाही, खाली सगळे’ असा असेल तर निम्म्या रुंदीची मर्यादा कोणालाही वाचवत नाही. बारा चौकोनांचा आयतालेख घ्या: ३० ते ४० पैशांत तीन, ४० ते ५० मध्ये चार, ५० ते ६० मध्ये तीन, ६० ते ७० मध्ये दोन. वर्गमध्याने सरासरी ४८.३, गाव दुष्काळी. पण याच आयतालेखामागे प्रत्येक नोंद आपल्या वर्गाच्या तळाशी असेल तर सरासरी ४३.३ येते, आणि सगळ्या वरच्या टोकाशी असतील तर ५३.३ च्या जवळ जाते. एकच आयतालेख, आणि ५० ची रेघ त्याच्या बरोबर पोटात. आण्यांत विचार करणारी जुनी नजर तर सव्वासहा पैशांच्या वर्गांनी पाहत होती. तिला ४८ आणि ५२ यांतला फरक प्रामाणिकपणे सांगताच आला नसता. पद्धत चुकीची होती असे नाही. जेवढी बारीक रेघ तिच्याकडून मागितली गेली तेवढी बारीक ती पाहू शकत नव्हती.

जालना जिल्ह्याचा भूगोल या अडचणीत भर घालतो. दक्षिणेला गोदावरी, तिच्या बाजूने अंबड, घनसावंगी, परतूरच्या पट्ट्यात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी, तिथे ऊस. उत्तरेला भोकरदन-जाफ्राबादचा डोंगरउताराचा भाग, मका, कापूस, मिरची, विहिरीवरची शेती. जिल्ह्याचे वार्षिक पाऊसमान साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर सांगितले जाते. अशा जिल्ह्याच्या उत्पन्नाचा आयतालेख काढला तर एक टेकडी निघण्याऐवजी दोन निघण्याचा संभव जास्त, आणि सरासरी दोन्हींच्या मधल्या दरीत पडते, जिथे फारसे कोणीच राहत नाही. कालव्याखालचे गाव आणि बरडावरचे गाव या दोघांनाही तो आकडा आपला वाटत नाही, आणि दोघांचेही बरोबर आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. मोसंबीचे झाड पाच-सहा वर्षांनी फळावर येते; एका वर्षाच्या पैसेवारीत त्या झाडामागे गेलेली वर्षे कशी बसवायची, याला वर्गच नाही.

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. जालन्याच्या आठ तालुक्यांपैकी भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड आणि मंठा हे पाच त्यात होते. जाफ्राबाद, परतूर आणि घनसावंगी नव्हते. हा निर्णय पैसेवारीवर नव्हता. पाऊस, पिकाची उपग्रहातून दिसणारी हिरवाई, जमिनीतला ओलावा, भूजल अशा निर्देशांकांवर होता, २०१६ च्या केंद्रीय संहितेनुसार. पण सरासरी तालुक्याची होती. भोकरदन आणि जाफ्राबाद यांच्या शिवेवरच्या दोन शेतांत दगडी बांधापलीकडे फरक नसतो. ओरड झाली, आणि काही दिवसांत महसूल मंडळ हे माप घेऊन राज्यातल्या १०२१ मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करावी लागली: पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. ज्यांना तालुक्याच्या सरासरीने वगळले त्यांतल्या अनेकांना मंडळाच्या सरासरीने आत घेतले. पाऊस तोच होता, पीक तेच होते. वर्ग अरुंद केला, एवढेच झाले, आणि माझ्या मते त्या वर्षीचा तो सगळ्यात न्याय्य निर्णय होता.

यावर दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. एक असे की सरासरी टाकून द्या, प्रत्येक शेताचा स्वतंत्र पंचनामा करा. ऐकायला हे बरोबर वाटते. पण प्रिंगलच्या इंदापुरात काय झाले ते यापुढे ठेवावे लागते. जिथे प्रत्येक शेताचा आकडा एका माणसाच्या लेखणीवर असतो, तिथे ज्याची ओळख त्याचे नुकसान मोठे दिसते. सरासरी निदान गावाला एकत्र उभे करते. एकट्याला लपवता येत नाही आणि एकट्याला वगळताही येत नाही. दुसरे उत्तर असे की उपग्रह आले, स्वयंचलित हवामान केंद्रे आली, आता माणसाच्या नजरेचा प्रश्न उरला नाही. नजरेचा उरला नसेल. रेघेचा उरला आहे. मंडळाच्या गावातले पर्जन्यमापक ६४ मिलिमीटर दाखवत असेल तर अतिवृष्टी नाही, ६५ च्या वर गेले तर आहे, मग त्या मंडळातल्या दुसऱ्या टोकाच्या गावात ढगफुटी झालेली असो. उपग्रहाच्या चित्रातला प्रत्येक ठिपकाही एक वर्गच असतो, त्याच्या आत कपाशी, तण आणि बांधावरची बाभूळ यांची सरासरी आधीच झालेली असते.

२०१६ पासूनच्या पंतप्रधान पीक विमा योजनेत हा इतिहास नव्या रूपात पुढे चालू आहे. मंडळाचे उंबरठा उत्पादन मागच्या सात वर्षांच्या नोंदींवरून काढतात, त्यातली सगळ्यात कमी उत्पादनाची दोन वर्षे वगळतात, आणि उरलेल्या सरासरीला जोखीमस्तराने, महाराष्ट्रात ७० टक्क्यांनी, गुणतात. दोन वाईट वर्षे वगळण्याची सोय शेतकऱ्याच्या बाजूची आहे. पण सातांत तीन वर्षे बुडाली तर तिसरे वर्ष सरासरीत राहते, उंबरठा खाली येतो, आणि भरपाई मिळणे आणखी अवघड होते. ज्या मंडळावर दुष्काळ वारंवार येतो त्याची अपेक्षाच कमी धरली जाते. विंगेटने गरीब जमिनीवर वर्ग अरुंद केले होते. इथे कोरड्या मंडळावर उलटा परिणाम होतो. सात वर्षांचा कालखंड हा काळावर आखलेला वर्ग आहे, आणि तो सगळ्या मंडळांना सारखाच का असावा हे कोणी विचारलेले नाही.

म्हणून मागणी काय करावी हे या इतिहासातूनच निघते. अंतिम पैसेवारी किंवा मंडळाचे सरासरी उत्पादन एका आकड्यात जाहीर होते. त्या आकड्याबरोबर प्रत्येक चौकोनाचे वजन, चौकोन कोणत्या गट नंबरात पडला, पिकाचे क्षेत्र किती धरले आणि प्रमाण उत्पन्न कोणत्या वर्षांवरून घेतले, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. हे आकडे सरकारकडे असतातच. त्यांच्याशिवाय सरासरी निघत नाही. ते लागले तर बेरीज-भागाकार तपासायला गावात दहावीचे मूल पुरेसे आहे, आणि कोणती रेघ चुकीच्या जागी पडली ते दाखवायला गावातला शेतकरी. रेघेजवळच्या गावांसाठी, समजा ४७ ते ५३ पैशांच्या मधल्या, सवलत एकदम तोडण्याऐवजी पायऱ्यांनी कमी करणेही अवघड नाही. प्रतबंदीच्या तक्त्यात नऊ पायऱ्या १८४७ मध्येच केल्या होत्या.